खांदा दाखव!

माणसाला बैल म्हणणाऱ्या एका मालकाबद्दल मी प्रेमाने लिहायला बसले आहे. कॉलेजातल्या माझ्या जुन्या साथींनी हे वाचलं तर मला फितूर म्हणतील. म्हणू देत. मालक या जमातीबद्दलचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. हा एक माणूस त्या मतात बसत नाही, आणि याचा मला अजूनही राग येतो.

नाव सांगत नाही. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही. मूळचे जालन्याकडचे. दुबईत, अल मनखूलमधल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं ऑफिस होतं आणि धंदा होता घरं हलवण्याचा. लोक फ्लॅट बदलतात. त्यांचा फ्रिज, सोफा, पलंग, देव्हारा, पोरांच्या सायकली इथून उचलायच्या आणि तिथे नेऊन ठेवायच्या. "या गावात माणूस टिकत नाही, पण त्याचं कपाट टिकतं," असं मामा म्हणायचे. उचलणारी पोरं बहुतेक मराठवाड्यातली, काही कोकणातली. सगळी एकटी आलेली. ऑफिसच्या मागच्याच इमारतीत मामांनी त्यांना खोल्या घेऊन दिल्या होत्या.

मी नाशिकहून व्हिजिट व्हिसावर बहिणीकडे आले होते. नोकरी शोधत होते. कुणीतरी मामांचं ऑफिस दाखवलं. मामा एका खोक्यावर बसून चहा पीत होते.

"काय येतं तुला?"

"पत्रकं लिहिते. सभा, मोर्चे, घोषणा."

मामांनी घोट गिळला. "हितं पत्रक चालत नाही पोरी. कोटेशन चालतं. लिहिशील?"

"लिहीन."

"मग ये उद्यापासून. घोषणा तेवढ्या नको टाकू त्यात."

ऑफिसात खुर्च्या होत्या, पण मामा कधी खुर्चीवर बसले नाहीत. त्यांना खोका लागायचा, तोही पुस्तकं भरलेला. "कपड्याचा खोका दबतो, भांड्याचा टोचतो. पुस्तकाचा खोका म्हणजे सिंहासन." पुस्तकांचा एवढाच उपयोग मी आयुष्यात प्रथमच पाहत होते. कुणाच्या घरी जेवायला गेले तरी मामांचं लक्ष ताटात नसायचं. ते दाराकडे बघत बसायचे, मग सोफ्याकडे, मग पुन्हा दाराकडे. एका लग्नाच्या रिसेप्शनला तर नवरीच्या वडिलांना भर गर्दीत त्यांनी विचारलं, "हे स्टेजवरचं सिंहासन या दारातनं आत आलं कसं?" "पाय काढून आणलं असणार," मामांनी स्वतःच उत्तर दिलं आणि मग कुठे नवरा-नवरीला आहेर केला.

प्रत्येक ट्रॉलीला त्यांनी घुंगरू बांधले होते. कारण विचारलं तर म्हणाले, इमारतींच्या लांबलचक बोळांत कोपऱ्यावरून येणाऱ्याला आवाज यावा म्हणून. पटण्यासारखं होतं. पण ते घुंगरू जालन्याहून मागवलेले होते, बैलांचे, हे मला नंतर कळलं.

आणि रोज सकाळी तो प्रकार. व्हॅनच्या मागे पोरं ओळीने उभी राहायची. मामा एकेकाच्या पुढे जाऊन म्हणायचे, "खांदा दाखव." पोरगा शर्टाचं वरचं बटण काढायचा. मामा अंगठ्याने खांदा दाबून बघायचे. सूज लागली तर म्हणायचे, "आज तू लिफ्ट धर." म्हणजे त्या दिवशी ओझं नाही, लिफ्टचं बटण दाबून उभं राहायचं.

पहिल्याच आठवड्यात मी उसळले. "मामा, गुरांच्या बाजारात तपासतात तसं काय तपासता? माणसं आहेत ही! दुखत असेल तर तोंडाने विचारा की."

"विचारलं तर नाही म्हणतात. माणूस खोटं बोलतो पोरी. खांदा नाही बोलत."

"खोटं का बोलावं लागतं, हा प्रश्न आहे!"

"हाव, हाय की," मामा म्हणाले आणि पुढच्या खांद्याकडे वळले.

या माणसाशी भांडणं म्हणजे उशीला गुद्दे मारणं होतं. तो प्रत्येक आरोप मान्य करायचा.

मग पोळा आला.

नाशिक शहरात वाढलेल्या मला पोळा म्हणजे बाजारातून आणलेली मातीची बैलजोडी, एवढंच माहीत. मामांच्या गावी आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला तूप आणि हळद चोळायची आणि त्याच्या कानात सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." दुसऱ्या दिवशी त्याला जुंपायचं नाही. काही झालं तरी नाही. पुरणपोळी खाऊ घालायची.

दुबईत बैल नाहीत. बाकी मंडळी सणाला पर्याय शोधतात तसा मामा शोधणार, असं मला वाटलं. ट्रॉल्यांना हळदकुंकू लावतील, व्हॅनला हार घालतील. मी तसं बोलूनही दाखवलं. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच अडाणी.

"ट्रॉली म्हणजे गाडी. गाडीची पूजा दसऱ्याला. पोळा ओढणाऱ्याचा."

संध्याकाळी कामावरून आलेली पोरं इमारतीमागे शर्ट काढून बसली. ऑगस्टचा दमट उकाडा, अंगाला अंग लावू नये असा. मामी तूप-हळदीचं भगुणं घेऊन उभ्या. मामा एकेकाचे खांदे चोळत होते आणि कानाशी वाकून आवतण देत होते. कोकणातला सुदाम पहिल्यांदाच बसला होता. तो म्हणाला, "मामा, आमच्यात पोळा नसतो ओ. शिमगा असतो."

सगळी पोरं ओरडली, "श्श! बैल बोलतो का?"

हा तिथला नियम. आवतण गप्प घ्यायचं. उत्तर द्यायचं नाही.

शेवटी नंबर आला खानसाबचा. हे आमचे पेशावरकडचे ड्रायव्हर. त्यांनी भगुण्यात वाकून बघितलं. "मामाजी, ये मसाला किसलिए? पकाओगे क्या?" मग मुकाट्याने तेही बसले. त्या एका माणसाला बोलायची सूट होती, कारण गप्प बसवणं कुणालाच जमलं नसतं.

मी मात्र कडाडले. "मामा, हा अपमान आहे. माणसाला बैल करून वर त्याचे लाड! वर्षातून एक दिवस तूप चोळायचं आणि बाकी वर्ष ओझं वाहायला लावायचं, हा न्याय झाला?"

"नाही."

"मग?"

"मग तू सांग."

मी सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं, आणि घोषणांसकट. वॉशिंग मशीन एकट्याने उचलायचं नाही. आठवड्याची सुट्टी कुठल्याही गिऱ्हाइकासाठी हलवायची नाही. लिफ्ट बंद असेल तर जिने चढायचे नाहीत, गिऱ्हाइकाने थांबायचं. वॉशिंग मशीनला दोन माणसं, हे मामांनी त्याच आठवड्यात लागू केलं. बाकी मागण्यांना ते "इन्शाल्ला" म्हणाले. इथे राहिलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ समजावून सांगायला नको.

त्या पोळ्याचा शेवट मात्र माझ्या मनासारखा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं कामाला गेली आणि एका बाईंच्या दुधासारख्या पांढऱ्या सोफ्यावर पिवळे धमक खांदे उमटले. बाई फोनवर इंग्रजीत किंचाळत होत्या. मामा स्वतः गेले. सोफा उचलून इमारतीच्या गच्चीवर नेला आणि उन्हात ठेवून शेजारी खोक्यावर बसले. "हळद उन्हाला टिकत नाही. आन् उन्हाला काय तोटा हाय इथं?" संध्याकाळपर्यंत सोफा पांढरा झाला आणि मामा तांबडे. बाईंनी पुढचं घर बदलताना पुन्हा आम्हालाच बोलावलं. फक्त तारीख सांगताना विचारलं, "देअर इज नो यलो फेस्टिव्हल, नो?"

इथल्या सणांबद्दल माझं जे म्हणणं आहे ते इथेच मांडते. परदेशात सण म्हणजे वीकेंड. गणपती वीकेंडला, दिवाळी वीकेंडला, संक्रांतीचं हळदीकुंकू तर फेब्रुवारी उलटला तरी चालूच. हॉटेलचा हॉल, प्रवेशाचे पास, प्रायोजकाचा फलक. ज्यांनी हे शहर हाताने उभं केलं ती माणसं त्या हॉलच्या दारापर्यंतही पोचत नाहीत. आणि सगळ्यात चीड येते ती ही, की सगळे म्हणतात, "काय करणार, इथे असंच असतं." मामा असं म्हणायचे नाहीत. "सण काय सोफा हाय का, हितनं उचलला आन् तिथं ठेवला?" सोफे उचलून जगणाऱ्या माणसाने हे म्हणावं!

एकदा अबू धाबीत, खलिफा सिटीतल्या एका मराठी कुटुंबाने आपल्या व्हिलात मुलांसाठी मातीचे बैल करण्याची स्पर्धा ठेवली. पोळा होऊन बरेच दिवस झाले होते, पण शनिवार आता मोकळा मिळाला होता. परीक्षक म्हणून मामांना बोलावलं. मी सोबत गेले, निषेध म्हणून. वातानुकूलित दिवाणखान्यात मुलांनी झकास बैल केले होते. चमकी लावलेली शिंगं, रंगीत झुली. मामा एकेक बैल हातात घ्यायचे, अंगठ्याने दाबायचे आणि खाली ठेवायचे.

"याचा खांदा कुठंय बाळा?"

"व्हॉट इज खांदा?" एका मुलीने आईला विचारलं.

"शोल्डर, बेटा."

"बट इट्स अ काउ."

शेवटी मामांनी पहिला नंबर एका वाकड्या, शिंग मोडलेल्या बैलाला दिला. त्याच्या मानेमागे मातीचा मोठा गोळा होता. तो करणारा मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "अंकल, दॅट वॉज अ मिस्टेक. द क्ले फेल डाउन." मामा म्हणाले, "असू दे. या एकाच्यानंच ओझं ओढवंल." यजमानीण बाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सगळ्यात झकास बैल त्यांच्या मुलीचा होता.

आता मामा गावी असतात. धंदा विकला. गावात बैल उरलेले नाहीत, सगळे ट्रॅक्टर. "ट्रॅक्टरला मी तूप लावणार नाही," असं फोनवर सांगत होते. मग काय करता, विचारलं, तर म्हणाले, "शेजारच्या गावात एक जोडी हाय. तिथं जातो. मालक मला येडं समजतो." मालक मंडळींनी तुम्हाला येडं समजलंच पाहिजे, असं मी म्हणाले. मामा खूप वेळ हसले.

पण सांगायचं आहे ते धंदा विकण्याआधीच्या, मरीनाच्या पोळ्याचं.

फर्निचरसकट फ्लॅट भाड्याने देणारी एक कंपनी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होती. अर्धाअधिक धंदा त्यांच्याकडून. त्यांचं दुबई मरीनातलं ऑफिस एका टॉवरमधून शेजारच्या टॉवरमध्ये हलवायचं ठरलं होतं, शनिवारी. खांदमळणीच्या दिवशी सकाळी त्यांच्या मॅनेजरचा फोन आला. सामानाच्या लिफ्टचं परमिट इमारतीने बदललं होतं. शनिवार नाही, उद्याच. पुढचं परमिट केव्हा मिळेल ते सांगता येत नाही, आणि जुन्या ऑफिसची किल्ली तर शनिवारी संध्याकाळी परत करायची.

मामा खोक्यावरून न उठता म्हणाले, "सांग त्यांना. उद्या पोळा हाय."

या सणाला सगळ्यात जास्त विरोध माझा. आणि तो हिंदीत समजावून सांगायची वेळही माझ्यावर.

"सर, कल हमारा त्योहार है. पोळा. बैलों का त्योहार."

"आपके पास बैल हैं?"

"नहीं सर."

"तो छुट्टी किसको चाहिए?"

मॅनेजर थंडपणे म्हणाला, "मॅडम, कल शिफ्टिंग होना चाहिए. नहीं तो खलास. हम दूसरी कंपनी देख लेंगे."

ही बातमी दुपारपर्यंत पोरांना कळली. विलास माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. विलास मामांच्याच गावाकडचा, सगळ्यांत जुना. त्याचा व्हिसा त्याच महिन्यात संपत होता आणि नवीन करायचा होता. काम घटलं तर कुणाचा व्हिसा होणार नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"ताई, तुम्ही बोला मामांशी. पोळा परवा करू म्हणावं. तुमचं ऐकतात ते."

"माझं कुठे ऐकतात?"

"वॉशिंग मशीनचं ऐकलं."

संध्याकाळी मामी भगुणं घेऊन आल्या. पोरं बसली, पण मान खाली घालून. मामांनी सुदामचे खांदे चोळले, त्याच्या कानात आवतण दिलं आणि विलासकडे वळले. विलास उठून मागे सरकला.

"आज नको मामा. उद्या मरीना उरकू. मग परवा काय चोळायचं ते चोळा."

"आवतण गेलंय," मामांनी सुदामकडे बोट दाखवलं. "एकाला गेलं ते समद्यांला गेलं. आवतण दिल्यावर जुंपत नसतेत."

"जुंपा म्हणून आम्हीच सांगायलोत ना!" विलासचा आवाज चढला. "मामा, तुमचा पोळा आमच्या पोटावर यायलाय!"

मामांसमोर असं कुणी बोललं नव्हतं. हे वाक्य मी कुठल्याही पत्रकाच्या माथ्यावर छापलं असतं. मी विलासच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"विलास बरोबर बोलतोय मामा. सण ज्याचा, त्याला विचारायला नको?"

मामा खोक्यावर बसले. हातांना तूप, हातावरून हळद कोपरापर्यंत ओघळलेली. मग मला म्हणाले, "त्या मॅनेजरनं काय सांगितलं? सामान हललं पाहिजे. कुणी हलवायचं ते सांगितलं का?"

"नाही."

"मग हलतंय की."

"कोण हलवणार?"

"ज्याला आवतण नाही तो."

आवतण नसलेली माणसं होती तीन. मामा, मामी आणि मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना भांडण झालं ते खानसाबशी. मामा म्हणाले, ड्रायव्हर ओढत नाही, इंजिन ओढतं, तेव्हा तुम्ही चला. खानसाब दुखावले. "हर साल मसाला लगाया, हर साल मैं बैल. आज काम पड़ा तो गाड़ीवान बना दिया!" शेवटी, गाडी चालवतील पण सामानाला हात लावणार नाहीत, असा तह झाला.

पोरांना घरी राहवेना. मेट्रोने तीही आली. इस्त्रीचे शर्ट घालून मरीनाच्या त्या टॉवरखाली, जिथे सामान चढवतात-उतरवतात तिथल्या कट्ट्यावर ओळीने बसली. मामींनी पहाटे उठून केलेल्या पुरणपोळ्यांचे डबे त्यांच्या मांडीवर. आणि त्यांच्यासमोरून आम्ही तिघं, ट्रॉल्यांचे घुंगरू वाजवत, ये-जा करत होतो.

मी आयुष्यभर श्रमावर लिहिलं होतं. श्रम म्हणजे काय ते पहिल्या फाइल-कपाटाने सांगितलं. आणि पोरांनी त्या दिवशी वर्षाचं उट्टं काढलं.

"ताई, कमरेतनं नाही, गुडघ्यातनं!"

"मामी एक नंबर! मामींना घ्या हो कंपनीत!"

"ताई, घोषणा द्या, म्हणजे हलंल ते!"

दुपारी मामांचा धीर सुटला. ट्रॉली माझ्याकडे अडकलेली, लिफ्ट उघडी. त्यांनी एक लोखंडी कपाट पट्ट्याने सरळ पाठीवर घेतलं आणि चालू लागले. विलास कट्ट्यावरून ओरडला, "मामा! चाक हाय ना? मग पाठ कशाला?"

हे मामांचं स्वतःचं वाक्य. रोज सकाळचं. सगळा कट्टा हसला. पण विलास हसला नाही. तो उठून कपाटाला हात द्यायला धावला. मामा वाकलेले तसेच थांबले. "हात लावायचा नाही. आज तुझा सण हाय." विलास हात तसाच पुढे धरून त्यांच्या बाजूने लिफ्टपर्यंत चालत गेला. कपाटाला त्याने हात लावला नाही.

तेवढ्यात मॅनेजर खाली आला. आधी कट्ट्याकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"मॅडम, ये लोग बैठे क्यों हैं? कौन हैं ये?"

मी दमले होते. घाम डोळ्यांत जात होता. म्हणाले, "सर, ये बैल हैं."

"और ये जो उठा रहे हैं?"

"मालिक."

तो शब्द माझ्या तोंडून आला होता. सुदामने तो ऐकला आणि डब्यातली अर्धी पोळी मला आणून दिली. मॅनेजरने एक खुर्ची स्वतः उचलून लिफ्टमध्ये ठेवली आणि तो वर निघून गेला. परमिट संपायच्या आत शेवटचा खोका वर पोचला. दोन टेबलांना ओरखडे आले. काम आमच्याकडेच राहिलं, आणि त्या महिन्यात विलासचा व्हिसा झाला.

पण मला खरी सांगायची आहे ती त्या दिवशीची संध्याकाळ. आम्ही अल मनखूलला परत आलो तेव्हा मेट्रोने आधी पोचलेली पोरं इमारतीमागे उभी होती. मामा व्हॅनमधून उतरले ते एका बाजूला कलून. विलास समोर आला.

"मामा, खांदा दाखवा."

"काय नाही झालं. जाऊ दे."

"माणूस खोटं बोलतो मामा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या बाजूने बोलेन असं वाटलं असावं. मी पुस्तकांचा खोका पुढे सरकवला. मामा बसले. विलासने बटण काढलं. एवढ्या काळात कुणी तो खांदा बघितला नव्हता. आजची सूज तर होतीच. तिच्याखाली जुना, कडक, सुपारीएवढा गोळा होता, वर्षानुवर्षं ओझं वाहिलेल्या माणसाला येतो तसा. सुदाम पुटपुटला, "अरे बापरे." मामी म्हणाल्या, "बंदरावर हमाली करायचे तवाचा हाय तो. लग्नाच्या आधीपासनंचा." आणि आत जाऊन कालचं भगुणं घेऊन आल्या.

विलासने तूप-हळद घेतली आणि हळूहळू चोळायला लागला. मग खाली वाकला आणि मामांच्या कानाशी म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आज आवतण घ्या मामा. उद्या जेवाया या."

म्हणजे उद्या मामांना सुट्टी. उद्या स्वयंपाक पोरांचा. मामांच्या लक्षात आलं. उद्या कामं होती, फोन होते, खलिफा सिटीतलं एक मोठं घर हलवायचं होतं. आणि या माणसाकडे तर प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. त्यांनी ते द्यायला तोंड उघडलं.

"श्श!" सुदाम म्हणाला. "बैल बोलतो का?"

मामांनी उघडलेलं तोंड मिटलं, आणि मान खाली घालून आवतण घेतलं.